मिठाची कॉफी

(मिशिगनमधलं सुपीरियर सरोवराकाठचं फिनिश लोकांचं एक गाव. जूनमधला शनिवार, वर्षातल्या सर्वांत लांब दिवसाच्या शेकोटीचा. दुपारचे पाच वाजलेत. ताइमी कोर्पेलाच्या शेतावरचा सौना: लाकडी खोली, दोन बाक, भट्टीवर तापलेले दगड. आत दोघीच, एकोणऐंशी वर्षांची ताइमी आणि तिची अठ्ठावन्न वर्षांची भाची हेल्मी.)

ताइमी: हेल्मी, बाहेर हो. शेवटची पाळी माझी एकटीची असते, हे या घरातल्या कुत्र्यालाही ठाऊक आहे.

हेल्मी: मलाही ठाऊक आहे, आत्या. म्हणूनच आत्ता आले. जरा सरक, मला बसू दे.

ताइमी: बाकी बायकांची सौनाची पाळी चारला झाली. तेव्हा काय झोपली होतीस?

हेल्मी: नाही. माझ्या बसमध्ये बसून होते. तू कधी आत जातेस ते बघत.

ताइमी: शाळेची पोरं ने-आण करून करून तुझं डोकं पोरांसारखंच झालंय. म्हातारीला निवांत घाम तरी गाळू दे. सात वाजता शेकोटीला काडी मलाच लावायचीय.

हेल्मी: तेच तर. घरातली सर्वांत वडील बाई काडी लावणार आणि चाळीस माणसं तिच्याकडे बघत उभी राहणार. म्हणून म्हटलं, त्याआधी दोघी जरा बसू. पाणी टाकू दगडांवर?

ताइमी: टाक. एकच पळी.

हेल्मी: तीन टाकते. आज जरा वाफ होऊ दे. आणि तो टॉवेल काढ.

ताइमी: कुठला टॉवेल?

हेल्मी: गळ्याभोवती गुंडाळलेला. सौनात कुणी मफलर बांधून बसतं का?

ताइमी: माझ्या घशाला वारं लागतं.

हेल्मी: इथे? एकशे ऐंशी फॅरनहाइटमध्ये?

ताइमी: सौनात वाद घालायचा नसतो. चर्चमध्ये वागतो तसंच इथे वागायचं. तुझ्या सान्ना आजीने शिकवलंय तुला हे.

हेल्मी: सान्ना आजीने पुष्कळ शिकवलं. माझ्या आईला कॉफीत मीठ घालून प्यायलाही तिनेच शिकवलं. दिवसाला चार कप. आठवतंय?

ताइमी: चिमूटभर मीठ आम्ही सगळेच घालायचो. फिनलंडहून आलेली चाल ती.

हेल्मी: तुम्ही चिमूटभर घालायचात. आईच्या कपात चमचा पडायचा. सिल्वीचा गळा सुजलाय ना, मीठ कमी पडतंय तिला, असं म्हणत आजी समोर उभी राहायची, कप रिकामा होईपर्यंत. आई ओकायची मागच्या पायरीवर. मी पाणी ओतायचे.

ताइमी: त्या वेळी सगळ्यांना तेवढंच ठाऊक होतं. या भागात दर घराआड एक गाठीवाला गळा असायचा. शाळेत नर्स यायची आमचे गळे चाचपायला. मग आयोडीनचं मीठ आलं आणि गाठी गेल्या. माझी आई त्या मिठाला देवाचं मीठ म्हणायची. तिच्या मनात पाप नव्हतं, हेल्मी.

हेल्मी: आजीच्या मनात नसेल. तुझ्या?

ताइमी: माझा काय संबंध?

हेल्मी: फेब्रुवारीत तू बर्फावर घसरून पडलीस, आठवतंय? मला फोन आला. आत्याची बॅग भर म्हणाले. मी भरली. दात, चष्मा, बायबल. मग वाटलं, परत आल्यावर तुला वेलचीचा पाव लागेल, कणीक मळून ठेवावी. म्हणून वेलचीचा डबा उघडला.

ताइमी: त्या डब्याला हात लावायचा नाही, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलंय.

हेल्मी: हो ना. पावाची कृती गुप्त आहे म्हणे. आम्ही हसायचो, ताइमी आत्या मरतानाही वेलचीचं माप सांगायची नाही. डब्यात वेलच्या होत्या आणि वेलच्यांखाली गोळ्या. माझ्याच गोळ्या, आत्या, थायरॉईडच्या. तीच बाटली, तेच नाव. मी सोळा वर्षं रोज सकाळी उपाशीपोटी घेतेय, मला डोळे मिटूनही ओळखता येतील.

ताइमी: या वयात दहा गोळ्या असतात माणसाला.

हेल्मी: दहा गोळ्या असतात, पण वेलचीत नसतात. मग मी इस्पितळात आले. तिथल्या झग्याला तुझ्या ब्लाउजसारखी उभी कॉलर नव्हती. तू झोपली होतीस. मी तुझा गळा बघितला. या कानाखालून त्या कानाखालपर्यंत, पांढरी, दोऱ्यासारखी रेघ. किती वर्षांची आहे ती?

ताइमी: पाणी टाकू नकोस आता. गुदमरतंय.

हेल्मी: किती वर्षांची?

ताइमी: सत्तावन्न.

हेल्मी: म्हणजे बासष्ट साल. त्या वर्षी तू मिलवॉकीला गेली होतीस म्हणे, कुणा श्रीमंताकडे स्वयंपाकाला. दीड महिना राहिलीस आणि एकही नवा पदार्थ न शिकता परत आलीस. आणि दर तीन महिन्यांनी साठ मैलांवर लोकर आणायला जायचीस, ती कसली लोकर?

ताइमी: लोकरही आणायचे.

हेल्मी: आणायचीसच. कपाटं भरलीत. दोन मोजे विणलेले बघितले नाहीत कुणी.

ताइमी: तुला काय ऐकायचंय? सांगते. बावीस वर्षांची होते. हात थरथरायचे, कप धरवत नव्हता. डोळे बाहेर आले होते, काळीज सशासारखं धडधडायचं, अंगावर मांस राहिलं नव्हतं. आणि रेइनोशी लग्न ठरलेलं. त्याची आई उघड म्हणायची, गळा कापलेल्या पोरीला पोरं होत नाहीत. माझ्या आईने बायबलवर हात ठेवून घेतला माझा. कुणाला सांगायचं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही.

हेल्मी: रेइनोकाकांना कळलं नाही? चाळीस वर्षांत?

ताइमी: कळलं असेल. विचारलं नाही त्यांनी. अंधारात झोपायचो आम्ही. भला माणूस होता.

हेल्मी: बरं. तुझं लग्न वाचलं. इथपर्यंत मला तुझी कीवच आली असती. पण मिलवॉकीच्या डॉक्टरने तुला काय सांगितलं होतं?

ताइमी: एवढं जुनं कुणाला आठवतं.

हेल्मी: मला माझ्या डॉक्टरने सांगितलं ते तुला सांगते, बघ आठवतंय का. शरीराची राखण करणारं रक्तच शरीरावर उलटतं आणि गळ्यातल्या ग्रंथीला खातं. कुणाची ग्रंथी भडकते, कुणाची विझते, पण मूळ दुखणं सख्खं. आणि ते घराण्यातून येतं, बायकांत जास्त. येईलच असं नाही, पण येऊ शकतं, म्हणून घरातल्या बायकांवर लक्ष ठेवा.

ताइमी: ...हो. लक्ष ठेव म्हणाला होता.

हेल्मी: आणि तू ठेवलंस का लक्ष?

ताइमी: ठेवलं. म्हणून तर... मी सिल्वीला ओळखलं होतं, हेल्मी.

हेल्मी: परत बोल.

ताइमी: ओळखलं होतं. तू नऊ-दहा वर्षांची असशील. जुलै महिना, सगळे घामाघूम, आणि ती स्वेटर घालून पायरीवर बसलेली. चेहरा सुजलेला, आवाज जाडा, भुवया झडलेल्या. डॉक्टरने दिलेल्या कागदावर तसंच चित्र होतं. माझ्या उलट जातीचं दुखणं, मिठाने बरं न होणारं. घरी आले आणि तो कागद भट्टीत टाकला.

हेल्मी: का?

ताइमी: सांगायला गेले असते तर पहिला प्रश्न आला असता, ताइमी, तुला कसं कळलं?

हेल्मी: म्हणजे तुझ्या कॉलरसाठी. एका कॉलरसाठी माझी आई आळशी ठरली. भांडी तशीच ठेवते म्हणून आळशी. बोललेलं विसरते म्हणून मठ्ठ. इथे याच वरच्या बाकावर, भट्टीला चिकटून बसायची. घामाचा थेंब येत नसे आणि दात वाजत असायचे. बाकीच्या बायका हसायच्या. तू नव्हतीस हसायला, तुझी पाळी वेगळी ना. मग नुसती आळशी म्हणून भागेना तेव्हा वेडी ठरवलीत.

ताइमी: इस्पितळाच्या कागदावर सही तुझ्या बापाची होती.

हेल्मी: पेन तुझं होतं. मी जिन्यात उभी होते. ओलावी, सही कर, घराला काळिमा लागायच्या आत, असं कोण म्हणालं होतं? जानेवारी महिना होता. वेड्यांच्या त्या इस्पितळात तिसऱ्या आठवड्यात ती झोपली ती उठलीच नाही. अंग थंड पडलं होतं म्हणे आधीपासूनच. आणि अंत्यविधीनंतरच्या कॉफीला मी पावाचा ट्रे घेऊन फिरत होते, सतरा वर्षांची. तू पाद्रीणबाईंना सांगत होतीस, त्यांच्या घराण्यातच आहे हो ते. हॉलवाल्यांचं रक्त.

ताइमी: तिचे लोक चर्चला न जाता कामगारांच्या हॉलमध्ये नाचायला जायचे. तेव्हा सगळे असंच बोलायचे त्यांच्याविषयी.

हेल्मी: चाळीस वर्षं मी हॉलवाल्यांचं रक्त म्हणून जगले. मला दुखणं निघालं तेव्हाही घरात सगळे म्हणाले, आईवर गेली. कुणी म्हणालं नाही, आत्यावर गेली. आता कळतंय, मला दोन्हीकडून आलंय. आईने तिच्या माहेरचं दिलं, बापाने तुमचं. माझ्या वाटणीला दुहेरी.

ताइमी: मग आता काय करणार आहेस माझं? माझी कॉलर ओढणार?

हेल्मी: ओढून झाली. बाहेर कपड्यांच्या खोलीत खुंटीवर तुझा ब्लाउज नाही. माझ्या बसमध्ये आहे, आणि किल्ली माझ्याकडे.

ताइमी: हेल्मी!

हेल्मी: खुंटीवर आईचा निळा झगा टांगलाय. शेकोटीला घालायची तो. गोल गळ्याचा. चांगला उघडा गळा आहे. तो घालून सात वाजता काडी लाव. आणि सगळ्यांसमोर सांग, सिल्वी आळशी नव्हती, सिल्वी वेडी नव्हती, आणि मला ते ठाऊक होतं. एवढी तीन वाक्यं. मग मी कधी तुझ्या दारात येणार नाही.

ताइमी: आणि नाही म्हटलं तर?

हेल्मी: तर टॉवेल गुंडाळून जा. मग मीच बोलेन, आणि माझी तीन वाक्यं नसतील.

ताइमी: केवढा डूख धरलास गं. सापही एवढा धरत नाही.

हेल्मी: आईसाठी धरला. पण नुसता तिच्यासाठी नाही. क्रिस्टाच्या पहिल्या खेपेला, ऑक्टोबरात, तिच्या डॉक्टरने कागद दिला होता भरायला. घरात कुणाला थायरॉईड आहे का? तिने तुला फोन केला. सख्ख्या नातीने, आजीला. काय सांगितलंस?

ताइमी: ...नाही म्हणाले.

हेल्मी: तिने विचारलं, हेल्मी मावशीला आहे ना? तर म्हणालीस, तिचं तिच्या आईकडचं आहे, आपलं नाही. पोरीने नाहीवर खूण केली. आणि मूल गेल्यावर काय सांगितलंस तिला? तुझ्या बापाकडच्या बायका नाजूक असतात, स्वीडिश रक्त. परत तेच, आत्या! दोष नेहमी सुनेचा नाहीतर जावयाचा. आता क्रिस्टाचं आणि माझ्या आईचं रक्ताचं काही नातं नाही. हे सिल्वीवर कसं ढकलशील?

ताइमी: मुलं अशीही जातात. शंभर कारणं असतात.

हेल्मी: असतात. कदाचित हे नसेलही. पण एका सुईने कळलं असतं. माझ्या डॉक्टरीणबाई म्हणतात, बाईची ग्रंथी मंदावलेली असली आणि गोळी सुरू नसली, तर पोटातलं मूल टिकणं अवघड होतं. नुसती रक्ताची तपासणी, आणि सकाळी एक गोळी. मार्चमध्ये दुसरंही गेलं तिचं.

ताइमी: मार्चमध्ये.

हेल्मी: हो, मार्चमध्ये. दहा आठवड्यांचं.

ताइमी: आणि वेलचीचा डबा तू उघडलास फेब्रुवारीत.

हेल्मी: ...काय?

ताइमी: तूच म्हणालीस आत्ता. मी बर्फावर पडले ती फेब्रुवारीच्या सुरुवातीला. डबा बघितलास, गळा बघितलास. तेव्हा क्रिस्टाला दुसऱ्यांदा दिवस गेलेले होते. सगळ्यांना माहीत होतं, मला बघायला आली तेव्हा तुझ्याच शेजारी खुर्चीवर बसली होती ती. तू तिला का नाही सांगितलंस?

हेल्मी: मी... सांगणार होते.

ताइमी: कधी?

हेल्मी: आज.

ताइमी: आज का? फेब्रुवारीत का नाही?

हेल्मी: कारण फेब्रुवारीत सांगितलं असतं तर तू इस्पितळाच्या पलंगावर पडून रडली असतीस, आणि सगळ्यांनी तुलाच कुरवाळलं असतं! बिचारी ताइमी, एवढं वर्षानुवर्षं सोसलं. मला सगळे एकत्र हवे होते. उन्हात, उभे, तुझ्याकडे बघत. चाळीसच्या चाळीस. अशी माणसं फक्त शेकोटीला जमतात.

ताइमी: म्हणून पाच महिने गप्प बसलीस.

हेल्मी: मला वाटलं, या वेळी टिकेल तिचं. डॉक्टर म्हणाला होता सगळं ठीक आहे.

ताइमी: त्याच्या कागदावर 'नाही' अशी खूण होती, तो ठीकच म्हणणार. मी एका कॉलरसाठी गप्प बसले, तू एका शेकोटीसाठी. तू सिल्वीवर गेली नाहीस गं. अगदी आमच्यावर गेलीस.

हेल्मी: तसं म्हणू नकोस.

ताइमी: का? लागलं?

हेल्मी: लागलं.

ताइमी: मग आणखी एक ऐक. आज क्रिस्टा बायकांबरोबर सौनाला आली नव्हती. का नाही आली?

हेल्मी: मी बसमध्ये होते, मला काय... आत्या. तिला परत?

ताइमी: सातवा आठवडा. सकाळी माझ्या कानात सांगितलं, अजून नवऱ्यालाही बोललेली नाही. घाबरलीय. मला म्हणाली, आजी, तू प्रार्थना कर.

हेल्मी: आणि तू काय केलंस?

ताइमी: प्रार्थना केली. नंतर तासभर पायरीवर बसून राहिले. आज तिला सांगायचं की नाही, ते ठरवायलाच एकटी इथे येऊन बसले होते. खोटं नाही बोलत. आता काय ठरलं असतं, ते देव जाणे.

हेल्मी: सोमवारी सकाळी तिला माझ्या डॉक्टरीणबाईंकडे नेते. नाही, सोमवार कशाला, आजच फोन करते. घरचा नंबर आहे माझ्याकडे. ऊठ. हात दे. पायरी ओली आहे, जपून. चल, कपड्यांच्या खोलीत.

ताइमी: मला धरू नकोस, चालता येतं मला. तो झगा कुठे आहे?

हेल्मी: राहू दे. मी ब्लाउज आणते बसमधून.

ताइमी: झगा दे म्हटलं ना. बाह्यांत हात जात नाहीये. सिल्वी केवढीशी होती गं. मागचं बटण लाव.

क्रिस्टा: आजी! आहेस ना जिवंत? सगळे विचारतायत. अरे, हेल्मी मावशी, तू इथे? आजीने तुला आत येऊ दिलं? आज बर्फ पडणार जूनमध्ये.

ताइमी: क्रिस्टा, बाहेरचं दार लाव आणि इथे खुंटीखालच्या बाकावर बस.

क्रिस्टा: हा झगा कुणाचा? तुला निळा छान दिसतो. मी तुला कॉलरशिवाय कधी... आजी, हे गळ्यावर काय आहे?

ताइमी: ऑपरेशनची खूण आहे. हात लावून बघ, दुखत नाही. मला गळ्यातल्या ग्रंथीचं दुखणं आहे, थायरॉईडचं. बावीस वर्षांची असल्यापासून. तू विचारलंस तेव्हा मी नाही म्हणाले. ते खोटं होतं. ते आपल्याच घराण्यात आहे, माझ्याकडून तुझ्या आईकडे, तिच्याकडून तुझ्याकडे आलेलं असू शकतं. तुझ्या बापाच्या लोकांचा काही दोष नाही. आता हेल्मी तुला तपासायला घेऊन जाईल. आणि तुझ्या दोन्ही खेपांना...

क्रिस्टा: थांब. आजी, थांब जरा. म्हणजे माझी दोन्ही... त्याच्यामुळे?

ताइमी: माहीत नाही. कुणालाच सांगता येणार नाही. पण बघायला हवं होतं, आणि बघितलं गेलं नाही ते माझ्यामुळे.

क्रिस्टा: मी खूण केली होती त्या कागदावर. तुला फोन करून केली होती. तू काय करत होतीस तेव्हा, पाव भाजत होतीस? मला आठवतंय, तू म्हणालीस, पटकन सांग, भट्टीत पाव आहे.

ताइमी: हो.

क्रिस्टा: मावशी, तू रडतेस कशाला? तुला ठाऊक होतं हे?

ताइमी: तिला नव्हतं ठाऊक. आत्ताच कळलं, इथे. टॉवेल सरकला माझा आणि तिने बघितलं. तिनेच मला म्हटलं, क्रिस्टाला सांग म्हणून. होय ना, हेल्मी? हो म्हण.

क्रिस्टा: मावशी?

हेल्मी: नाही, क्रिस्टा. मला फेब्रुवारीपासून माहीत आहे.